विज्ञानकथा, फँटसी आणि भयकथा लिहिणाऱ्यांचा अभिप्रायगट कसा चालवावा?

धूमकेतू

विज्ञानकथा, फँटसी, भयकथा लिहिणाऱ्यांचा एक छोटा गट मी बरीच वर्षे सांभाळतो आहे. दर महिन्याला आम्ही प्रत्यक्ष भेटतो, एकमेकांचे खर्डे आधीच वाचून आलेलो असतो आणि त्यांवर बोलतो. असा गट नव्याने सुरू करू इच्छिणाऱ्या काही जणांनी अलीकडे मला नियम विचारले. नियम सांगणे सोपे आहे, पण ते कशासाठी आहेत हे सांगितले नाही तर दोन बैठकींत गळून पडतात. म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ज्यांनी असे गट चालवले आहेत किंवा जे अशा गटांत बसले आहेत, त्यांनी आपले मत जरूर मांडावे. मतभेद असतील तर तेही हवे आहेत.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आधी सांगतो. वास्तववादी कथेचे जग वाचकाला निम्मे तरी ठाऊक असते. आपल्या प्रकारच्या कथेत मात्र पहिल्या ओळीपाशी त्याला काहीच ठाऊक नसते, आणि हे काही काळ न कळणे हाच त्या वाचनातला एक मोठा आनंद असतो. म्हणून ‘मला हे कळले नाही’ एवढाच अभिप्राय आपल्या गटात फारसा उपयोगी पडत नाही. कळले नाही, पण पुढे कळेल असा भरवसा वाटत होता, की कळले नाही आणि कथेवरची पकडच सुटली, हे वाचकाने सांगायला हवे. पहिली गोष्ट लेखकाने साधलेली असते, दुसरी त्याच्या हातून निसटलेली असते. दोन्ही एकाच वाक्यात सांगितल्या गेल्या की लेखक घरी जाऊन जे उत्तम जमले होते तेच समजावून सांगत बसतो, आणि पुढच्या खर्ड्यात पहिल्या पानावर त्या जगाचा इतिहास अवतरतो.

एक उदाहरण देतो. लेखिकेची परवानगी घेतली आहे आणि वाक्ये थोडी बदलली आहेत. कथा अशी सुरू होत होती: ‘बाबा गेल्यावर त्यांचा आवाज भिंतींत मुरून राहिला. पावसाळ्यात तो जास्त ऐकू येई.’ गटातील निम्म्या लोकांना ही शोकाची भाषा वाटली. उरलेल्यांनी ती शब्दशः घेतली: या जगात घरे आवाज शोषून घेतात. तिसऱ्या पानावर गिलावा खरवडायला आलेला गवंडी आईला विचारतो, ‘यातला कुठला आवाज ठेवायचा?’ ज्यांनी सुरुवात शब्दशः घेतली होती त्यांना हा प्रश्न विलक्षण आवडला, आणि ज्यांनी ती अलंकारिक समजली होती ते तिथेच कथेबाहेर फेकले गेले. दोघांचेही वाचन चूक नव्हते. लेखिकेला फक्त हे कळायला हवे होते, की कोणत्या वाचकाने कोणत्या ओळीवर काय ठरवून टाकले.

त्यासाठी आम्ही समासात तीन खुणा करतो. प्रश्नचिन्ह म्हणजे ‘कळले नाही, पण वाट पाहायला तयार आहे’. फुली म्हणजे ‘इथे मी सुटलो’. उभी रेघ म्हणजे ‘इथे मला या जगाचा एक नियम समजला’, आणि तो नियम शेजारी चार शब्दांत लिहायचा. बैठकीत काही बोलले गेले नाही तरी या खुणा केलेल्या प्रती लेखकाकडे जातात. वरच्या कथेच्या प्रती शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले, की निम्म्या प्रतींत पहिली उभी रेघ पहिल्या पानावर होती आणि उरलेल्यांत ती तिसऱ्या पानापर्यंत नव्हतीच. लेखिकेने कोणतेही स्पष्टीकरण जोडले नाही. आई भिंतीलगतचे कपाट पुढे ओढते, म्हणजे आवाजाला वाट मिळेल, हे वाक्य आधी दुसऱ्या पानावर होते. ते तिने सुरुवातीच्या दोन वाक्यांनंतर लगेच आणले. तेवढ्याने काम झाले.

आता बैठकीच्या पद्धतीविषयी. आपल्या क्षेत्रात जगभर जी पद्धत रूढ आहे तिला मिलफर्ड पद्धत म्हणतात. डेमन नाइट, ज्युडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश या विज्ञानकथाकारांनी १९५६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हानियातील मिलफर्ड या गावी लेखकांची परिषद सुरू केली. तिथून ही पद्धत पसरली. १९६८ साली रॉबिन स्कॉट विल्सन यांनी क्लॅरियन कार्यशाळा सुरू केली, तेव्हा ती नवोदितांच्या शिक्षणातही आली. सर्वांनी गोलात बसायचे, प्रत्येकाने ठरलेल्या वेळेत क्रमाने बोलायचे, मध्ये कोणी कोणाला तोडायचे नाही, लेखकाने तोवर गप्प बसायचे आणि सर्वांत शेवटी उत्तर द्यायचे. लेखकाचे गप्प बसणे बाहेरच्यांना कठोर वाटते. त्यामागचे कारण साधे आहे: छापील कथेसोबत लेखक वाचकाच्या शेजारी येऊन बसत नाही. शिवाय दुसऱ्याच वक्त्याला लेखकाने खुलासा दिला, तर तिसऱ्यापासून पुढचे सर्व जण कथेऐवजी त्या खुलाशावर बोलू लागतात.

वेळेचा हिशेब आधी करून ठेवावा. आठ जण, प्रत्येकी तीन मिनिटे, म्हणजे चोवीस मिनिटे. लेखकाचे उत्तर पाच मिनिटे आणि मोकळी चर्चा दहा मिनिटे धरली तर एका कथेला चाळीस मिनिटे लागतात. दोन तासांत तीन कथा कशाबशा बसतात, दोन नीट बसतात. चारपेक्षा कमी वाचक असतील तर एकाच्या आवडीनिवडीला फार वजन येते आणि दहाच्या पुढे गेल्यास शेवटच्या वक्त्याकडे सांगायला काही उरत नाही. आम्ही पाच हजार शब्दांची मर्यादा ठेवतो आणि खर्डा बैठकीच्या एक आठवडा आधी मागतो. आदल्या रात्री आलेला खर्डा कितीही चांगला असला तरी पुढच्या महिन्यावर जातो. या एका बाबतीत संयोजकाने कोणाचीही भीड धरू नये.

शेवटचा नियम असा, की कथेचे गृहीतक वादाबाहेर ठेवावे. भिंती आवाज शोषतात हे मान्य करूनच वाचायला बसायचे. मान्य केल्यावर मात्र चौकशी कडक हवी. मग लोक घरात भांडताना बाहेर जातात का? जुने घर विकताना आवाजांचे काय होते? भाडेकरूच्या आवाजावर मालकी कोणाची? अशा प्रश्नांतून लेखकाला स्वतःच्या जगाची खोली कळते.

अर्धविराम

धूमकेतू, तीन खुणांची कल्पना मी आमच्या गटात नक्की मांडणार आहे. लेखकाच्या मौनाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे.

मौनाची पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: गोलात बसलेले सर्व जण वाचक म्हणून जवळपास सारखेच आहेत आणि त्यांचा गोंधळ म्हणजे कथेचा दोष. समजा, एखादी लेखिका तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या दैवतकथांवर फँटसी लिहिते आहे, आणि गटातील कोणीही त्या कथा ऐकलेल्या नाहीत. चोवीस मिनिटे सर्व जण तिला सांगतात की हे दैवत असे का वागते ते समजत नाही. तिचा अपेक्षित वाचक त्या गोलात नाहीच, आणि ते सांगण्याची मुभाही तिला नाही. अशा बैठकीनंतर तिने कथा सर्वांना कळेल अशी सपाट केली तर नुकसान तिचेही झाले आणि साहित्याचेही.

नृत्यदिग्दर्शिका लिझ लेरमन यांनी १९९० साली मांडलेली अभिप्रायाची एक पद्धत आम्ही थोडी बदलून वापरतो. तिचे चार टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात वाचक फक्त सांगतात, की त्यांच्या मनात काय राहिले, कशाने लक्ष वेधले. दुसऱ्यात लेखक प्रश्न विचारतो. तिसऱ्यात वाचक प्रश्न विचारतात, पण त्या प्रश्नांत मत दडलेले असता कामा नये. ‘शेवट इतका घाईत का केला?’ हा प्रश्न तिथे चालत नाही. ‘शेवटाचा वेग ठरवताना तुमच्या मनात काय होते?’ हा चालतो. चौथ्या टप्प्यात वाचक मत देण्याची परवानगी मागतो, आणि लेखक ती नाकारू शकतो. पहिल्या पहिल्यांदा हे सारे फार औपचारिक वाटते. तिसऱ्या टप्प्यात मत बाजूला ठेवून प्रश्न विचारताना लोक अक्षरशः अडखळतात, पण त्या अडखळण्यातच त्यांना कळते की आपण एरवी प्रश्नाच्या नावाखाली किती निकाल देत असतो.

वेळ जास्त लागतो हे खरे आहे. एका बैठकीत एकच कथा होते.

कृष्णपक्ष

भयकथांविषयी दोन शब्द.

‘भीती वाटली नाही’ हा अभिप्राय भयकथा लिहिणाऱ्याला वारंवार मिळतो आणि त्याचे काय करावे हे त्याला कळत नाही. भीती ही परिणामाची गोष्ट आहे, आणि पांढऱ्या दिव्याखाली, हातात पेन घेऊन, चूक शोधण्याच्या तयारीत बसलेल्या माणसाला ती वाटणारच नाही. म्हणून आम्ही दोनदा वाचण्याचा आग्रह धरतो. पहिले वाचन सलग, पेन न घेता, शक्यतो एकट्याने. दुसरे वाचन खुणा करत. आणि पहिल्या वाचनाबद्दल एकच प्रश्न विचारतो: वाचण्याचा वेग कुठे बदलला? जिथे वाचक नकळत सावकाश झाला तिथे भय साठत होते. जिथे त्याने पटपट ओळी ओलांडल्या तिथे एकतर कंटाळा होता किंवा ते सहन होत नव्हते, आणि या दोहोंतला फरक वाचक सहज सांगू शकतो.

दुसरे म्हणजे, खर्ड्याच्या माथ्यावर मजकुराची आगाऊ सूचना असावी. लहान मुलांवरील हिंसा, आत्महत्या, लैंगिक अत्याचार असे काही कथेत असेल तर एका ओळीत तसे लिहावे. यामुळे कथेतील धक्का वाया जातो असा आक्षेप काही लेखक घेतात. मला तो पटत नाही. छापील पुस्तकाचा वाचक पुस्तक मिटवू शकतो. गटाच्या सदस्यावर मात्र ते वाचून चारचौघांत त्यावर बोलण्याचे बंधन असते, आणि त्याला आधी निवड करू देणे हे साधे सौजन्य आहे.

त्रिज्या

माझा पेशा विज्ञानाचा आहे, त्यामुळे प्रत्येक बैठकीत वैज्ञानिक चुका काढण्याचे काम आपसूक माझ्याकडे येते. ते कधी आणि कसे करावे याविषयी लिहितो.

एका कथेत दोन बहिणी भांडतात. एक पृथ्वीवर, दुसरी मंगळावरच्या वसाहतीत. भांडण फोनवरच्यासारखे, तोडीस तोड. आता मंगळ जवळ असताना रेडिओसंदेशाला तिथे पोहोचायला साधारण तीन मिनिटे लागतात आणि तो सूर्याच्या पलीकडे असताना साधारण बावीस. हे एका दिशेचे. म्हणजे एक वाक्य बोलून त्याचे उत्तर ऐकण्यात सहा मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत वेळ जाणार. सभेत हे पहिल्याच फेरीत सांगितले गेले असते तर पुढच्या सात वक्त्यांनी त्यावरच बोलणे केले असते, आणि त्या बहिणींच्या भांडणाचे खरे कारण, म्हणजे आईच्या आजारपणात कोण हजर होते, हे बाजूला पडले असते.

म्हणून आमच्याकडे वैज्ञानिक दुरुस्त्या वेगळ्या कागदावर लिहून दिल्या जातात. बैठकीत त्यांचा उल्लेख तेव्हाच होतो, जेव्हा चूक दुरुस्त केल्याने कथानकच बदलते. मंगळावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे आणि पात्र पायऱ्या चढताना धापा टाकते आहे, ही बाब कागदावर जाते. संदेशाचा विलंब मात्र बैठकीत आला, पण शेवटच्या फेरीत. लेखकाने पुढच्या खर्ड्यात भांडण तसेच ठेवले, फक्त प्रत्येक वाक्यानंतर वीस मिनिटांची शांतता आली. एक बहीण रागाने बोलून मोकळी झाली आहे आणि तिला पश्चात्ताप झाला आहे, पण तिचे शब्द अजून वाटेतच आहेत आणि ते परत बोलावता येत नाहीत. त्या कथेतील हा सर्वांत हृद्य प्रसंग झाला.

विज्ञान जाणणाऱ्या सदस्यांना माझी विनंती आहे, की आकडा द्या, त्याचा परिणाम सांगा आणि थांबा. त्या परिणामातून कथा काढणे लेखकाला तुमच्यापेक्षा चांगले जमते.

पहिला खर्डा

मी अशा कोणत्याही गटात अजून गेलेली नाही आणि आमच्या भागात असा गट नाही. माणसे कुठून मिळवावीत? आणि माझी एकही कथा छापून आलेली नाही. ज्यांच्या आल्या आहेत त्यांच्यासोबत बसणे योग्य ठरेल का?

धूमकेतू

सर्वांचे आभार. क्रमाने उत्तरे देतो.

पहिला खर्डा, माणसे मिळवण्यासाठी ग्रंथालय ही सर्वांत चांगली जागा आहे. या प्रकारची पुस्तके कोण नेते हे ग्रंथपालाला ठाऊक असते, पण तो कोणाची नावे सांगणार नाही आणि सांगूही नयेत. फलकावर सूचना लावू द्यावी आणि बैठकीसाठी खोली मिळेल का हे विचारावे. सूचनेत ‘लेखक’ असे न लिहिता ‘कथा लिहून पूर्ण केलेल्या व्यक्ती’ असे लिहावे. पूर्ण केलेली एक कथा हीच माझ्या दृष्टीने प्रवेशाची एकमेव अट आहे. छापून येणे, न येणे हा निकष नाही. अर्धवट कादंबऱ्यांची स्वप्ने घेऊन येणारे सहसा दोन-तीन महिन्यांत थांबतात. कथा संपवलेल्या माणसाला शेवट करणे किती अवघड असते याची जाण असते, आणि ती त्याच्या अभिप्रायात उतरते.

नव्या सदस्याने पहिल्या दोन बैठकींत फक्त इतरांचे वाचून अभिप्राय द्यावा, आपला खर्डा तिसऱ्या बैठकीपासून पाठवावा, असा आमचा रिवाज आहे. यातून गटालाही कळते की हा माणूस कसा वाचतो, आणि त्यालाही कळते की इथे आपली कथा ठेवावी की नाही.

नामांकित आणि नवोदित एकत्र बसण्याविषयी मला मनापासून वाटते, की बसावे. अडचण वेगळीच असते: नामांकिताची कथा आली की वाचक हात राखून बोलतात. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आपली विज्ञानकथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते नाव होते. आपले नाव पाहून परीक्षकांनी मत बनवू नये, एवढीच त्यामागची भूमिका होती. आम्हीही वर्षातून एक बैठक बिननावाची घेतो. खर्डे माझ्याकडे येतात, मी नाव काढून पुढे पाठवतो, आणि त्या दिवशी लेखकही स्वतःच्या कथेवर इतरांसारखाच अभिप्राय देतो. लिहिण्याची धाटणी ओळखली जातेच, तरी बोलण्यात जो मोकळेपणा येतो तो पुढचे काही महिने टिकतो.

अर्धविराम, तुमचा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याचे वजन मी कमी लेखत नाही. मौन हवे असे मला अजूनही वाटते, पण मौनाच्या आधी लेखकाला दोन वाक्ये लिहून देण्याची मुभा असावी: माझा वाचक कोण आहे, आणि मला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे. तुमच्या उदाहरणातील लेखिकेने ‘ही दैवते ठाऊक असलेल्या वाचकासाठी लिहिते आहे’ असे आधीच सांगितले, तर वाचकाचे काम बदलते. ‘हे दैवत असे का वागते’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘मी पाहुणा आहे हे मला जाणवले, तरी मी घरात रमलो का’ हा प्रश्न पुढे येतो.

त्रिज्या, तुमच्या शेवटच्या विनंतीत मी भर घालतो: ती विज्ञानापुरती ठेवू नये. ‘मी असतो तर शेवट असा केला असता’ हे वाक्य आमच्याकडे पहिल्या फेरीत वर्ज्य आहे. आठ लेखक एकत्र बसले की आठ निरनिराळ्या कथा तयार होतात, आणि ज्याची कथा आहे त्याच्या हातात त्यांतली एकही राहत नाही. लेखकाने उत्तराच्या वेळी स्वतःहून उपाय मागितले तर जरूर द्यावेत.

शेवटचे पान

कादंबरी लिहिणाऱ्यांचे काय? नव्वद हजार शब्दांची कादंबरी दरमहा पाच हजार शब्दांनी दिली तर अठरा महिने लागतात. तोवर पहिल्या प्रकरणात कोणत्या राजाने कोणती शपथ घेतली हे कोणाला आठवत नाही, आणि वाचक तक्रार करतात की हे पात्र अचानक आले. शिवाय प्रत्येक प्रकरणाने स्वतंत्र कथेसारखा परिणाम साधावा अशी अपेक्षा होते, आणि लेखक प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ओढूनताणून उत्कंठा आणू लागतो.

आमच्या गटात कादंबरीकाराने पहिली तीन प्रकरणे आणि एक पानभर सारांश आणावा असे ठरले आहे. त्यावर चर्चा झाली की तो एकट्याने लिहीत राहतो. पूर्ण झाल्यावर दोन किंवा तीन स्वयंसेवक संपूर्ण कादंबरी वाचतात, त्यासाठी त्यांना दोन महिने मिळतात, आणि केवळ त्या कादंबरीसाठी वेगळी बैठक होते. ज्याची कादंबरी वाचली गेली तो पुढे दुसऱ्याची वाचण्यास बांधील असतो. ही परतफेड लेखी नोंदवून ठेवावी, नाहीतर तेच दोन भले सदस्य दर वेळी वाचत राहतात आणि अखेर गट सोडतात.

कृष्णपक्ष

एक गंभीर मुद्दा राहिला आहे: खर्ड्यांची गोपनीयता. पूर्वी कागदी प्रती परत केल्या की विषय संपत असे. आता खर्डे ईमेलने फिरतात.

अर्धविराम

आमचे याविषयीचे नियम लेखी आहेत आणि नवा सदस्य ते वाचून होकार देतो. खर्डा गटाबाहेर कोणालाही पाठवायचा नाही, घरच्यांनाही नाही. खर्डा कोणत्याही खुल्या संकेतस्थळावर ठेवायचा नाही, कारण अनेक नियतकालिके पूर्वप्रकाशित मजकूर घेत नाहीत आणि खुलेपणाने मांडलेली कथा त्यांच्या लेखी प्रकाशित झालेली असते. सदस्यांपुरता बंद गट असेल तर सहसा ही अडचण येत नाही.

त्यात अलीकडे एक कलम वाढवले आहे. दुसऱ्याचा खर्डा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोणत्याही साधनात घालून त्याचा सारांश किंवा अभिप्राय तयार करायचा नाही. तो मजकूर आपला नाही आणि तो पुढे कुठे जाईल हे आपल्या हातात नाही. लिहिण्याच्या बाबतीतही स्पष्टता हवी. यंत्राने लिहिलेल्या कथांचा लोंढा आल्यामुळे ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथा-मासिकाला फेब्रुवारी २०२३ मध्ये कथा स्वीकारणे काही काळ बंद करावे लागले होते. गटात येणारा खर्डा माणसाने लिहिलेला असावा, अशी आमची अपेक्षा आहे. आठ जण आपल्या आयुष्यातला एकेक आठवडा त्यावर खर्च करणार आहेत.

त्रिज्या

परिभाषेविषयी एक सावधगिरी सुचवतो. टेक्सासमध्ये १९७३ साली सुरू झालेल्या टर्की सिटी कार्यशाळेतून विज्ञानकथांतील नेहमीच्या दोषांची एक नावनिशीवार यादी तयार झाली आणि ती जगभर वापरली जाते. दोन पात्रे परस्परांना आधीच ठाऊक असलेली माहिती केवळ वाचकासाठी बोलत बसतात, हा दोष त्या यादीतलाच आहे. यादी उपयुक्त आहे, पण ती पाठ झालेले सदस्य दोषाचे नाव उच्चारून थांबतात आणि लेखकाला वाटते आपल्यावर शिक्का बसला. दोषाचे नाव घेतले तर तो कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत आहे आणि तिथे वाचताना काय झाले, हे सांगण्याचे बंधनही असावे.

पहिला खर्डा

आणखी एक विचारते. एखादा सदस्य तीच कथा दुरुस्त करून पुन्हा पुन्हा आणू लागला तर? आणि एखादा जण सर्वांवर सतत वरचढ बोलत असेल तर?

धूमकेतू

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. बोलण्याची वेळ घड्याळ लावून मोजावी आणि ती सर्वांना सारखी असावी. फेरीची सुरुवात दर कथेला वेगळ्या जागेवरून करावी, म्हणजे एकच माणूस नेहमी पहिला बोलून चर्चेची दिशा ठरवणार नाही. तरीही भागले नाही तर संयोजकाने त्या सदस्याशी एकट्यात बोलावे. सर्वांसमोर बोलू नये आणि संदेश लिहून तर मुळीच कळवू नये. त्यातूनही फरक पडला नाही तर त्याला गट सोडायला सांगण्याचा अधिकार संयोजकाला असावा, आणि तो अधिकार पहिल्याच बैठकीत सर्वांनी मान्य केलेला असावा. वेळ येऊन ठेपल्यावर असा नियम करता येत नाही.

पहिला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वर मी कळण्या-न कळण्याविषयी जे लिहिले त्याच्याशी तो जोडलेला आहे. कोणताही वाचक एखाद्या अनोळखी जगात पहिल्यांदा फक्त एकदाच जाऊ शकतो. भिंती आवाज शोषतात हे ज्याला एकदा कळले, त्याला पुढच्या प्रत्येक खर्ड्यात ते पहिल्याच ओळीला कळणार, आणि ‘आता सुरुवात स्पष्ट झाली’ असे तो प्रामाणिकपणे म्हणणार. ती स्पष्ट झालीच असेल असे नाही. एकच कथा तीनदा त्याच आठ जणांपुढे आली, तर तिसऱ्या वेळी सुरुवातीबद्दल मिळणारा प्रत्येक अभिप्राय निकामी असतो.

म्हणून आम्ही एक कथा जास्तीत जास्त दोनदा घेतो, आणि पहिल्या वेळी दोन सदस्यांना ती मुद्दाम पाठवत नाही. त्या कथेवर चर्चा सुरू झाली की ते शेजारच्या खोलीत जाऊन बसतात, म्हणजे त्यांच्या कानावर काही पडत नाही. दुरुस्त केलेला खर्डा आला की पहिल्यांदा ते दोघे बोलतात, बाकीचे सहा नंतर. त्या दोघांच्या समासातली पहिली उभी रेघ कुठे पडली, हे लेखक सर्वांत आधी पाहतो. हे दोघे कोण असावेत ते दर कथेला बदलते, आणि ते लेखकाने निवडायचे नसते, संयोजकाने निवडायचे असते. कारण लेखक साहजिकच आपल्या सर्वांत सहृदय वाचकांना राखून ठेवू पाहतो.